थिएटरला कुलूप

कापे डॉक्टरांना खुर्चीवर बसवलं ते त्यांच्याच माणसांनी. डॉक्टरांनी स्वतः त्यासाठी कुणाचे उंबरठे झिजवले नव्हते. वर्षानुवर्षं दवाखान्यातले सगळे डॉक्टर एकच रडगाणं गात होते, की हा सरकारी दवाखाना चालवतात ती कचेरीतली माणसं, आणि त्यांना सलाइन आणि सरबत यातला फरक कळत नाही. मग एकदा वरून हुकूम आला, की कारभारात आता डॉक्टरांनाच घ्यायचं, अधीक्षक कोण ते डॉक्टरांनीच आपसात ठरवायचं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कापे डॉक्टरांकडे बोट दाखवलं. आगीतून फुफाट्यात उडी मारायची हौस दुसऱ्या कुणालाच नव्हती.

खरं नाव त्यांचं वेगळं होतं. ते कापायचे म्हणून लोकांनी कापे केलं, आणि भूल देणारे डॉक्टर झोपवायचे म्हणून त्यांचं झोपे झालं. "आधी झोपे, मग कापे, घाबरायचं कशाला?" असं वॉर्डातल्या बायका नव्या पेशंटला समजावून सांगत. दोघे एकाच वर्गात शिकलेले, एकाच एसटीतून पत्र्याच्या ट्रंका घेऊन इथे उतरलेले. ऑपरेशनं संपली की थिएटरशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसून दोघे चहा घेत आणि कचेरीच्या नावानं बोटं मोडत. "काय रे कसाया, आज हात जड होता तुझा," असं झोपे डॉक्टर म्हणाले की समजावं, ऑपरेशन नीट झालं.

घरी कापे डॉक्टर आणि त्यांचे वडील, एवढेच. दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बायको मुलीच्या शिक्षणासाठी शहरात राहायची. म्हातारा जन्मभर गवंडीकाम केलेला. गुडघे गेले होते, पण मनगटं अजून पक्क्या विटेसारखी होती. भात तोच लावायचा, भांडी तोच घासायचा, आणि मुलगा जेवायला बसला की समोर बसून दवाखान्यातल्या भिंती कुठे कुठे चुकल्यात ते सांगायचा.

म्हाताऱ्याच्या जांघेत गाठ होती. दगड उचलून उचलून झालेला जुना हर्निया. खोकला की गाठ बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. म्हातारा तिला फडक्यानं करकचून बांधून फिरायचा. मुलगा कितीदा म्हणाला, ऑपरेशन करून टाकू.

"तुझ्या हातून? नको. बापावर हात साफ केला म्हणतील लोक."

"मग झोपे करील."

"तो झोपवील. कापायला पुन्हा तूच."

शेवटी त्या वर्षी म्हातारा कबूल झाला. सूनबाई सुट्टीत येईल, चार दिवस हाताशी राहील, तेव्हा करू म्हणाला. दिवससुद्धा ठरला होता.

आणि पाणी गेलं.

तसा उन्हाळा दरसाल तापायचाच. पण त्या वर्षी दवाखान्याच्या बोअरला आधी गढूळ पाणी आलं, मग नुसता चिखल, मग पंप चालू केला की पाइपातून वाऱ्याचा आवाज यायला लागला. वर कळवलं तर टँकर मिळाला, तोही दिवसाआड, आणि कधी येईल ते त्या ड्रायव्हरलाच ठाऊक. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तसं, त्याच आठवड्यात जुन्या टाकीला चीर गेली. अर्धं पाणी रात्रीतून जमिनीत गेलं. म्हाताऱ्यानं सिमेंट कालवून चीर बुजवली, पण गेलेलं पाणी काही वर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापे डॉक्टर स्वतः शिडी चढून टाकीवर गेले. झाकण सारून आत काठी घातली. काठी बाहेर काढली तर वीतभर ओली. डोक्यावर ऊन, हाताला पत्र्याचा चटका, खाली दवाखान्याच्या दारात नेहमीची गर्दी. थिएटरला पाणी सगळ्यांत जास्त लागतं. हात धुवायला लागतं, हत्यारं-कपडे वाफवायला लागतं, माखलेल्या चादरी धुवायला तर विचारूच नका. बाळंतपणं काही पाऊस येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाहीत. लहान मुलांचा वॉर्ड हगवणीनं भरलेला. शिडीवरून खाली पाय टेकेपर्यंत त्यांचा विचार पक्का झाला होता.

आता ही सवय कुठली, तर थिएटरातली. पोट उघडलंय, रक्त येतंय, तेव्हा कुणी मतं मागत नाही. ज्याच्या हातात सुरी तो ठरवतो, बाकीचे हात देतात. नातेवाइकांना नंतर बाहेर येऊन सांगायचं. वीस-पंचवीस वर्षं असं वागून माणसाचं वळण होऊन जातं. कापे डॉक्टरांनी थिएटरच्या सिस्टरकडून किल्ली मागून घेतली, स्वतःच्या हातानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि मग व्हरांड्यात उभ्या उभ्या सगळ्यांना सांगितलं. मोठं थिएटर बंद. बाळंतपणाचा वॉर्ड आणि त्याला लागून असलेलं छोटं टेबल तेवढं चालू राहील, ते फक्त अडलेल्या बायांसाठी. बाकी ऑपरेशनं, अडीनडीचीसुद्धा, शहरात पाठवायची. पाऊस पडेपर्यंत.

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तोवर ते वळले होते. झोपे डॉक्टर मागून आले.

"अरे, निदान विचारायचं तरी."

"विचारून पाणी वाढलं असतं का?"

"नाही, साहेब," झोपे डॉक्टर म्हणाले आणि वॉर्डाकडे गेले.

कापे डॉक्टरांना आधी ती थट्टाच वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेब, तिसऱ्या दिवशी पुन्हा साहेब. मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही. दुपारी ते सवयीनं कपडे बदलायच्या खोलीकडे निघाले, आणि कुलूप बघून अर्ध्या वाटेतून फिरले. सगळे डॉक्टर आता बाळंतपणाच्या वॉर्डाशेजारी चहा घेत. ते तिकडे गेले की खुर्च्या सरकायच्या, सगळे उठून उभे राहायचे, कुणीतरी आपली खुर्ची पुढे करायचं. गप्पा तिथेच मोडायच्या. कप पटापटा रिकामे व्हायचे. दोनदा असं झाल्यावर ते चहा कचेरीत मागवायला लागले. तिथे समोर हेडक्लार्क बसायचा, आणि तो तर बोलायच्या आधी कुणी ऐकत नाही ना म्हणून दाराकडे बघायचा.

टँकरची वाट पाहणं हेच आता त्यांचं मुख्य काम झालं. टँकर आला की ते स्वतः उन्हात जाऊन उभे राहायचे. ड्रायव्हर पानाची पिंक टाकून म्हणायचा, "डॉक्टर, तुम्ही आत जाऊन सुया टोचा. पाणी काय मी पळवून नेतोय?" आणि नळी अर्ध्यात काढून घ्यायचा, पुढे आणखी दोन ठिकाणी द्यायचंय म्हणून. मग कापे डॉक्टर त्याला दादा म्हणायचे, बाबा म्हणायचे, चहा पाजायचे. ज्या माणसानं डोळा वर केला की थिएटरातली सिस्टर नेमकं हत्यार हातात ठेवायची, तो माणूस आता एका नळीसाठी हात जोडून उभा असायचा. कचेरीत बसले की त्यांची बोटं आपोआप टेबलाच्या कडेला दोरा गुंडाळून गाठी मारत राहायची. हात घडीघडीला काम मागायचे, आणि कामाला कुलूप त्यांनीच लावलेलं.

म्हातारा टँकरपाशी पहिला हजर. डोक्याला पंचा बांधून, बादल्या रांगेत लावून, वॉर्डबॉयना ओरडत. आयुष्यभर मजूर हाताळलेला माणूस, त्याला या गडबडीत तरतरीच आली होती. मुलगा बघतोय तोवर नुसता हुकूम सोडायचा. मुलगा कचेरीत गेला की स्वतःच दोन हातांत दोन बादल्या उचलायचा.

"बाबा, उचलू नका म्हणून सांगितलंय ना?"

"मी कुठे उचलतोय? बादली मला उचलतेय."

"ऑपरेशन लांबलंय तुमचं. गाठ आहे तशी आहे. अडकली तर?"

"तुझ्या दवाखान्याला कुलूप आहे म्हटल्यावर ती कशाला अडकेल? तिलाही अक्कल आहे," म्हातारा हसायचा.

एके दिवशी भर दुपारी एका हमालाला हातगाडीवर घालून आणलं. तरणा गडी, पोट धरून पाय जवळ घेतलेले. कापे डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि उजवीकडे खाली दाबून सोडलं, तसा तो किंचाळला. अपेंडिक्स. अशी ऑपरेशनं त्यांनी बोलता बोलता केलेली. त्यांनी गाडी काढायला सांगितली, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात फोन केला, चिठ्ठी लिहिली. हमालाची बायको चिठ्ठी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"तुम्हीच करता ना हे? लोक सांगतात."

"करतो. पण आता पाणी नाही. थिएटर बंद आहे."

"तुम्ही इथे आहात. तुमची हत्यारं इथे आहेत. मग आम्ही कुठे जायचं?"

ती रडली नाही, पायाही पडली नाही. फक्त उत्तराची वाट बघत राहिली. "नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई," कापे डॉक्टर म्हणाले, आणि ते ऐकताना त्यांना स्वतःचाच राग आला. हे वाक्य त्यांनी कचेरीतल्या माणसांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. हमाल वाचला म्हणून पुढे कळलं. पण त्या दिवशी म्हातारा बादलीवर हात ठेवून हे सगळं बघत होता. रात्री जेवताना तो भिंतींबद्दल काही बोलला नाही.

"चुकलं का माझं?" कापे डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं. पण एक सांगू? भिंत पाडायची असली तरी मी आधी गड्यांना बोलवायचो. अक्कल माझीच चालायची. पण बोलवायचो. नाहीतर विटा कुणाच्या डोक्यावर पडतात ते कळत नाही."

"विटा वेगळ्या, बाबा."

"वेगळ्याच," म्हातारा म्हणाला आणि ताट उचललं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी म्हातारा टँकरपाशी दिसला नाही. आदल्या रात्री तो भूक नाही म्हणून लवकर झोपला होता; कापे डॉक्टरांना वाटलं, उन्हाला कंटाळला असेल. दुपारी जेवायला आले तर चूल गार, भात लावलेला नाही, आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. पाण्याच्या तांब्याशेजारी उलटीचा वास. त्यांनी धोतर बाजूला केलं. गाठ मुठीएवढी, ताठ, कातडी लालभडक. हात लावला तशी म्हाताऱ्याच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज निघाला.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळी बादली उचलली तेव्हापासून."

"कालपासून? आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय केलं असतंस?" म्हाताऱ्याच्या ओठांना कोरड पडली होती. "ती हमालीण गेली ना परत. मग मी कुठल्या तोंडानं येऊ?"

कापे डॉक्टर धावत सुटले. खिशात किल्ली, हात तयार. अडकलेलं आतडं सोडवायचं, कुजलं असेल तर तेवढं कापून जोडायचं. डोळे मिटून केलं असतं त्यांनी. पण थिएटरच्या दारापाशी आल्यावर त्यांना आठवलं, की आत काहीच वाफवलेलं नाही. हत्यारं आणि कपडे ड्रममध्ये भरून वाफेवर शिजवावी लागतात, तेव्हा ती वापरण्याजोगी होतात, आणि ते ड्रम कुलूप लावल्या दिवसापासून रिकामे पडले होते. आता पाणी घालून, आच लावून, थंड होईपर्यंत थांबलं, तर तेवढ्या वेळात माणूस शहरात पोचतो.

मग ते बाळंतपणाच्या छोट्या टेबलाकडे वळले. दारात डॉक्टरीणबाई हात कोपरापर्यंत धुवून उभ्या होत्या. झोपे डॉक्टर आत सुई भरत होते. टेबलावर एक कोवळी बाई, ओठ चावत.

"बाई, बाबांचा हर्निया अडकलाय. कालपासून. तयार ड्रम आहे?"

"एक आहे." बाईंनी टेबलाकडे पाहिलं. "हिचं मूल अडलंय, साहेब. ठोके उतरायला लागलेत."

"एकच?"

"तुम्ही पाणी मोजून देता, मी ड्रम मोजून लावते." त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, तेच जास्त लागलं. "त्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आमच्या चादरी आम्ही घरून धुवून आणल्या असत्या. मुलांच्या वॉर्डातले डॉक्टरही तेच म्हणत होते. रोज एक जास्तीचा ड्रम निघाला असता. अडीनडीला एक टेबल तुमच्यासाठी राहिलं असतं."

झोपे डॉक्टर सुई हातात धरून दाराशी आले. त्यांचं तोंड पडलं होतं.

"तुम्ही सांगा, साहेब. तुम्ही म्हणाल ते करतो. हिला भूल देऊ की बाबांना?"

खरंच सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. टेबलावरची बाईसुद्धा मान वळवून बघत होती. कापे डॉक्टरांना वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं. कुणीतरी म्हणावं, अरे वेड्या, हे काय विचारणं झालं? झोप्यानं नेहमीसारखी एक शिवी हासडावी आणि मोकळं करावं. कुणी काही बोललं नाही. आपणच त्यांची तोंडं बंद केलीत, हे त्यांना त्या दारात उभं राहून कळलं.

"हिला द्या," ते म्हणाले.

गाडी निघाली तेव्हा उन्हानं रस्ता पाण्यासारखा चमकत होता. कापे डॉक्टर मागे बसले, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. सलाइनची बाटली एका हातात उंच धरलेली. त्यांनी एकदा पाय उंच करून गाठ हलकेच मागे सारायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती.

"राहू दे. तुझ्या हातून नको म्हटलं होतं ना."

"बाबा, बोलू नका."

"राग नाही रे आला. आपलं चेष्टेनं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्या पोरीचं काय झालं?"

"कोण पोरगी?"

"टेबलावरची. ड्रायव्हर बोलला मघाशी."

"ठाऊक नाही."

"फोन कर."

कापे डॉक्टरांनी फोन केला नाही. त्यांना दवाखान्याच्या आवाजाचीच भीती वाटत होती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा म्हाताऱ्याच्या पोटात आणि त्यांच्या मांडीत एकदमच बसत होता. ड्रायव्हर हळू न्यायला गेला की ते जोरात म्हणत, जोरात नेलं की हळू म्हणत. शेवटी ड्रायव्हर काही न ऐकल्यासारखा आपल्या मनानं चालवत राहिला.

शहरात ऑपरेशन झालं. हातभर आतडं काळं पडलेलं होतं, ते काढलं. पण विष आधीच अंगात भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना म्हातारा गेला. कापे डॉक्टर पलंगाशी स्टुलावर बसलेले होते. म्हाताऱ्याच्या नखांत अजून त्या टाकीचं सिमेंट होतं. ते त्यांनी आपल्या नखानं हळूहळू काढलं.

बायको आणि मुलगी त्याच शहरात राहायच्या, पण मुलगी नेमकी कॉलेजच्या कामानं दूरगावी गेलेली. तिला घेऊन मागाहून येते म्हणून बायको थांबली. कापे डॉक्टर एकटेच गाडीतून म्हाताऱ्याला घेऊन परत आले.

क्वार्टरपुढे सगळा दवाखाना जमला होता. वॉर्डबॉय, सिस्टर, हेडक्लार्क, डॉक्टरीणबाई, झोपे डॉक्टर. त्यांनी म्हाताऱ्याला उतरवून आतल्या खोलीत ठेवलं. बाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मुलगी झाली तिला. दोघी बऱ्या आहेत." कापे डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना खरंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं इतकं वाईट वाटलं की ते तिथेच पायरीवर बसले.

मग सगळे उभे राहिले. उन्हात, अंगणभर, अंतर राखून. हेडक्लार्कनं दोनदा खाकरून विचारलं, "साहेब, केव्हा न्यायचं?"

कापे डॉक्टर जमिनीकडेच बघत होते.

"गाडी सांगायची का, साहेब? की खांद्यावर? तुम्ही म्हणाल तसं."

"बर्फ आणावा लागेल," कुणीतरी मागून पुटपुटलं, "पण साहेबांना विचारा."

कापे डॉक्टरांनी वर पाहिलं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या तोंडावर खिळलेल्या. बापाला केव्हा न्यायचं, हेही या माणसांना त्यांच्याच हुकुमानं हवं होतं.

"मला काही सुचत नाही," ते म्हणाले. "तुम्ही ठरवा."

एवढं बोलल्यावरही कुणी हललं नाही. मग डॉक्टरीणबाई झोपे डॉक्टरांशी काहीतरी बोलल्या. वयस्कर सिस्टर त्यांच्यात गेली. हेडक्लार्क गेला. हळूहळू त्यांचे आवाज वाढले. वहिनींना यायला संध्याकाळ होणार. मग आज नको, पोरीला आजोबांचं तोंड दिसू दे. ऊन फार आहे, पंखा लावा, बर्फाला कुणीतरी फटफटी घेऊन जा. नाही, फटफटीवर वितळेल, गाडीच न्या. कुणी म्हणे खांद्यावर न्यायचं, म्हाताऱ्यानं दवाखान्यासाठी पाणी वाहिलंय, गाडीत घालून कसं न्यायचं? दोघं एकदम बोलायला लागले, तिसऱ्यानं त्यांना गप्प केलं. कापे डॉक्टर पायरीवर बसून ऐकत राहिले.

शेवटी झोपे डॉक्टर त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"वहिनी आणि पोरगी येईपर्यंत थांबतोय. उद्या सकाळी उन्हाआधी नेऊ. खांद्यावर. आमचं सगळ्यांचं असं ठरलंय. चालेल?"

"तुम्ही म्हणाल तसं," कापे डॉक्टर म्हणाले. मग सगळ्यांदेखत, तिथेच पायरीवर बसून, ते ढसाढसा रडायला लागले. झोपे डॉक्टर एक पाऊल पुढे आले आणि थांबले. मागे डॉक्टरीणबाई थांबल्या, सिस्टर थांबली. साहेबांच्या पाठीवर हात कुणी ठेवायचा, हे कुणालाच ठरवता येईना.